संगीतकार मदनमोहन घरी भेंडी-मटण करायचे म्हणे. आणि आमच्याकडे?

सुरपेटी

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जुनी गाणी लागतात. म्हणजे नवरा लावतो आणि मी ती पोळ्या लाटता लाटता ऐकते. परवा मन्ना डेंचं 'कौन आया मेरे मन के द्वारे' लागलं आणि त्याने ठरलेला किस्सा सुरू केला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हा किस्सा विसेक वेळा तरी ऐकून झालाय. मदनमोहननी मन्नादांना फोन केला, भेंडी घालून मटण करतोय, जेवायला ये. मन्नादा गेले, मटण खाल्लं आणि येताना हे गाणं गळ्यात घेऊन आले. 'देख कबीरा रोया', १९५७. मन्नादा स्वतःच हे सांगायचे, त्यामुळे नवऱ्याला पदरचं घालायला फारसा वाव नाही. तरी दर खेपेला मटण थोडं जास्त तिखट होत जातं.

या वेळी मात्र माझं लाटणं थांबलं. 'करतोय' म्हणजे? स्वतः? कांदा चिरण्यापासून? की घरात खानसामा होता आणि हे फक्त चव बघायला?

"स्वतः करायचे, उत्तम करायचे," नवरा म्हणाला. इतक्या अभिमानाने, की जणू वाटण ह्यानेच वाटलं होतं.

"आणि तू?"

"मी चहा करतो की."

करतो, खोटं नाही. रविवारी सकाळी करतो. आणि करताना आतून हाक येते, "साखर कुठंय?" साखर एकोणीस वर्षं त्याच फळीवर, त्याच डब्यात, चहाच्या डब्याला खेटून आहे.

तर जाणकारांना विचारायचंय, मदनमोहन खरंच घरी रांधायचे का? आणि तुमच्या घरातले पुरुष काय काय करतात? चहा मोजणार नाही.

अण्णा_पेटीवाले

करायचे. स्वतः आणि मनापासून. त्यांच्या घरच्यांनी आणि बरोबर काम केलेल्यांनी हे बऱ्याचदा सांगितलंय. पाहुण्यांना बोलावून खिलवायची दांडगी हौस. मटण हा हुकमी पदार्थ.

आपल्याला मटणात भेंडी म्हटलं की कसंसंच होतं, पण त्यांचं कुटुंब मूळचं पंजाबातल्या चकवालचं (आता पाकिस्तानात). तिकडे भिंडी गोश्त ही नवलाईची गोष्ट नाही. हैदराबादेतही करतात.

बाकी माणूस मोठा रंगीत होता. १९४३ मध्ये लष्करात अधिकारी झाला, युद्ध संपल्यावर गणवेश उतरवून लखनौच्या आकाशवाणीत गेला, आणि १४ जुलै १९७५ ला गेला तेव्हा वय अवघं ५१. लतादीदी त्यांना मदनभैया म्हणायच्या. एवढं काम करून वर मटणही करायचे, तर तुमच्या यजमानांनी निदान साखर शोधायला हरकत नाही.

भाकरतुकडा

मटणात भेंडी म्हणजे गायकी कुठल्या घराण्याची ते सांगायला नकोच. भेंडीबाजार!

(गंमत सोडा, दीदी अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या, ते खरोखर भेंडीबाजार घराण्याचेच. म्हणजे धागा अगदीच गैरलागू नाही.)

सुरपेटी

@भाकरतुकडा 😄 हे नवऱ्याला वाचून दाखवलं. आता हा किस्साही पुढची वीस वर्षं ऐकावा लागणार.

कढीलिंब

माझा प्रश्न वेगळाच आहे. भेंडी रश्श्यात घातली की तार सुटते. मग ते मटण तोंडात कसं घालवत असेल? माझ्या माहितीप्रमाणे एकच मार्ग आहे. भेंडी धुऊन, फडक्याने एकेक पुसून, पंख्याखाली अर्धा तास कोरडी होऊ द्यायची. देठ काढायचं पण पोट चिरायचं नाही. तेलात अलगद परतून बाजूला ठेवायची. मटण पूर्ण शिजलं, टोमॅटो किंवा दह्याचा आंबटपणा रश्श्यात उतरला, की शेवटच्या पाच-सात मिनिटांत भेंडी सोडायची. झाकण ठेवायचं नाही. डाव फिरवायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

हे सगळं फोनवर गप्पा मारत करणारा माणूस नुसता हौशी नसणार. त्याला भेंडी कळत होती.

रोखठोक

सॉरी, पण मला हा सगळा प्रकार पटत नाही. एवढा मोठा संगीतकार, आणि आपण चर्चा कसली करतोय? तो कांदा कोण चिरत होता याची! कलावंताने कला करावी. त्याला रोज पोळ्या लाटायला लावल्या असत्या तर आपण कितीतरी चाली गमावल्या असत्या. काम वाटून घ्यायचं असतं. प्रत्येक गोष्टीत स्त्री-पुरुष आणू नये.

अण्णा_पेटीवाले

@रोखठोक, त्यांना कुणी लावलं नव्हतं हो. आपखुशीने करायचे. आणि चालीही केल्या, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला ('दस्तक'साठी). मटण आड आलं नाही.

ओली_हळद

धाग्यावर यायचं नाही असं ठरवलं होतं. पण रोखठोक यांचं 'काम वाटून घ्यायचं असतं' वाचून आले.

आशाताईंचं उदाहरण घ्या. त्यांच्या हातचा स्वयंपाक उत्तम, हे गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत. २००२ मध्ये दुबईत स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं, मग इतर देशांतही शाखा झाल्या. त्याबद्दल लोक काय बोलतात? 'बघा, एवढी मोठी गायिका, पण घरचं करायला विसरली नाही हो.' आणि मदनमोहन? 'वा, काय रसिक माणूस!' काम तेच. विस्तव तोच. एकीला शाबासकी कर्तव्य केल्याची, दुसऱ्याला छंद जोपासल्याची.

बाईची मुलाखत घेताना 'गाणं आणि घर कसं सांभाळलंत' हा प्रश्न ठरलेला. एखाद्या पुरुष गवयाला हे विचारलेलं ऐकलंय कुणी? मी तरी नाही. त्याने सांभाळलं नाही तरी घर जागेवर असतंच, कारण कुणीतरी दुसरं सांभाळत असतं. रोज पोळ्या लाटल्यामुळे ज्या बायकांच्या चाली गमावल्या त्यांचा हिशोब कुणी करायचा?

झणझणीत_वऱ्हाडी

ओली_हळद +१०००

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (लाह्या मी स्वतः भाजल्या, नोंद घ्यावी.)

भाकरतुकडा

आमच्यात जत्रेचं मटण पुरुषच करत्यात. बाईमाणसाला त्या चुलीजवळ येऊ पण देत न्हाईत. मोठं पातेलं, तीन दगडांची चूल, माझा चुलता उघड्या अंगाने उभा, खांद्यावर टॉवेल, हातात वल्ह्याएवढा डाव. शंभर-दीडशे माणसांचं मटण अंदाजाने. मीठ कधी चुकलेलं मला आठवत न्हाई. लोक बोटं चाटत म्हणत्यात, "दादांच्या हाताला चव हाय!"

पण एक सांगतो. गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच आदल्या रात्री घरात थांबलो. दादा झोपले होते. काकू, आई आणि दोन्ही वहिन्या रात्री साडेबारापर्यंत खोबरं भाजत होत्या, कांदं सोलत होत्या, लसणाचा तर ढीगच. पाटा नाही आता, मिक्सर आहे, पण पाच किलो वाटण मिक्सरवर करून बघा. सकाळी ते वाटण बादलीतून दादांच्या पुढ्यात गेलं. दादांनी ते तेलात सोडलं. वास गावभर गेला.

चव दादांच्या हाताला आहेच, न्हाई म्हणत नाही. बादली कुणाची होती एवढंच.

मांडवीकाठची

आमच्या गोव्यात तर आणखी मजा. बाजारातून मासे आणायचे ते पुरुषांनीच. माझे बाबा सकाळी पिशवी घेऊन जातात आणि मासळी निवडतात. कल्ले उचलून बघतात, पोट दाबून बघतात, कोळणीशी तीनदा भांडतात, चौथ्यांदा घेतात. घरी येऊन ओट्यावर पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "आज मी विसवण आणलंय." (विसवण म्हणजे सुरमई.) बाबांचं जेवण झालं! पुढचं हुमण (माशाची आमटी), तळणं, वास घालवायला ओटा तीनदा धुणं, हे सगळं त्यांच्या दृष्टीने विसवणाचं विसवणच बघून घेतं.

तरी बाबांची निवड आईला कधी जमली नाही, हेही कबूल.

न्यू_जर्सीचा_बंड्या

मी १९९८ मध्ये इकडे आलो तेव्हा मला फक्त पाणी उकळता यायचं. आम्ही चार पोरं एका अपार्टमेंटमध्ये, चौघंही पुण्याकडचे, चौघंही आईचे लाडके. पहिला महिना ब्रेड आणि चिप्सवर काढला. मग फोनकार्ड घेऊन आईला फोन लावला. मिनिटाला पैसे तुटत होते आणि आई सांगत होती, "मोहरी तडतडली की जिरं." मी विचारलं, तडतडली म्हणजे किती वेळाने? आई म्हणाली, "अरे, कळतं ते." नाही कळलं. मोहरी जळाली, धुराचा भोंगा वाजला, शेजारची म्हातारी दारात आली.

आता आमच्या घरी मी आणि बायको आलटून-पालटून करतो. यात माझा मोठेपणा काही नाही. इकडे पोळ्यावाल्या मावशी नाहीत, भांड्याला बाई नाही, सासू-आई सहा महिन्यांच्या पाहुण्या. केलं नाही तर खाणार काय? खरी परीक्षा भारतात आल्यावर असते. पुण्याच्या घरात पाऊल टाकलं की मी चोवीस तासांत पूर्वीसारखा होतो. ताटावर बसून हाक मारतो, "आई, मीठ." बायको तिकडून नुसती बघते. त्या बघण्याला मी फार घाबरतो.

कढीलिंब

"अरे, कळतं ते." 😂 आमच्या आईचं 'रंग बदलला की' आणि 'वास सुटला की'. यांना माप विचारायचं नाही.

आकडेमोड

वाद चाललाच आहे तर आकडे ठेवतो, मग ज्याचं त्याने बघावं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या लोकांनी चोवीस तास कुठे घालवले याची नोंद. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम (स्वयंपाक, झाडलोट, धुणं, बाजारहाट सगळं धरून) त्या दिवशी केलेल्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. करणाऱ्या बाईचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, करणाऱ्या पुरुषाचा ९७.

इथे लोक नेहमी चुकतात म्हणून सांगतो. ९७ मिनिटं ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. जे शंभरात सव्वीस काहीतरी करतात, फक्त त्यांची. उरलेल्या चौऱ्याहत्तरांचा त्या दिवशी शून्य. आणि सव्वीसातही भाजी आणायला गेलेले धरलेत. मांडवीकाठची यांचे बाबा त्यात येतात.

मांडवीकाठची

बाबांना सांगते. खूश होतील. सर्वेक्षणात आले म्हणून.

रोखठोक

आकडे मान्य. पण पुरुष बाहेर राबतो ते त्या २९९ मध्ये कुठे आहे? आणि मला जाणूनबुजून व्हिलन केलं जातंय. माझी आई मला स्वयंपाकघरात येऊच द्यायची नाही. "पुरुषाने ओट्याशी घुटमळू नये," हे तिचंच वाक्य. चौदा वर्षांचा असताना मी एकदा पोह्यांचा प्रयत्न केला होता. आजीने आईला झापलं, घरात चार बायका असताना पोरगं पोहे भिजवतंय म्हणून. आईने मला झापलं. त्यानंतर गेलो नाही. आता अचानक चाळिशीनंतर तुम्ही सगळ्या विचारता, येत कसं नाही?

ओली_हळद

@रोखठोक, बाहेर राबण्याचं बोलाल तर मीही बाहेर राबते आणि घरी येऊन कुकर लावते. तो मुद्दा सोडूनच देऊ.

पण पोह्यांचा किस्सा खरा आहे आणि मला तो आवडला. म्हणजे झालं ते आवडलं नाही, तुम्ही सांगितलंत ते आवडलं. माझ्या भावाचंही असंच. त्याला हातात लाटणं दिलेलं बघून आत्या हसली होती. पोरांना एकदा हसलं की पुरतं.

(आणि पोहे आता कराच. भिजवायचे नाहीत, चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे. तिथेच चुकलं असणार.)

तिसरी_घंटा

सगळं वाचतो आहे. वय ७१, नाटकवेडा, त्यामुळे थोडं नाटकाकडून लिहितो.

गंधर्व नाटक मंडळीतली जेवणं अजून आमच्या पिढीच्या ऐकण्यात आहेत. बालगंधर्वांनी कंपनीतल्या माणसांना खाऊ घालताना हात कधी आखडला नाही, कर्ज डोक्यावर असताना सुद्धा. आणि कंपन्यांतून रांधायला आचारी असत, पुरुष. लग्नाच्या पंगतीतही तेच. आचारी पुरुष, वाढपी पुरुष, जिलबीवाला पुरुष. म्हणजे पुरुषाला स्वयंपाक येत नाही ही गोष्टच खरी नाही. पैसे मिळत असतील किंवा शंभर पानं उठत असतील तर त्याला तो झकास येतो. चार माणसांचा, बिनपैशाचा, रोजचा असला की मात्र हातातून जातो.

मला नेहमी एका गोष्टीचं हसू येतं. बालगंधर्व रंगभूमीवर शालू नेसून यायचे आणि महाराष्ट्रातल्या बायका त्यांचं बघून नेसणं, अंबाडा, दागिने उचलायच्या. पुरुषाला लुगडं नेसायची लाज वाटली नाही, पोळपाटाची वाटते.

आता स्वतःचं. बायको जाऊन चार वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात लेकीने डबा लावून दिला. तो महिनाभर खाल्ला आणि कंटाळलो. मग म्हटलं, आपणच करू. फळीवर डबे ओळीने. तूरडाळ कुठली आणि हरभऱ्याची कुठली, ते मला सहासष्ट-सदुसष्ट वर्षं जेवून माहीत नव्हतं. ताटात आल्यावर दोन्ही ओळखत होतो, डब्यात नाही. चणाडाळीचं वरण शिजवत बसलो, शिट्ट्यांवर शिट्ट्या, शिजेना. शेवटी शेजारच्या वहिनींनी झाकण उघडून बघितलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

स्वयंपाक हळूहळू आला. त्याचं काही विशेष नाही. मला जे आलं नव्हतं ते वेगळंच. एके दिवशी गॅस संपला, पोळी तव्यावर अर्धी. दुसरं सिलिंडर भरलेलं आहे का, ते लावलं कधी, नंबर कधी लावायचा, काही कल्पना नाही. भिंतीवर कालनिर्णय होतं, मागच्या वर्षीचं, तिच्यानंतर कुणी काढलंच नव्हतं. पानं उलटली. दर दीड-दोन महिन्यांनी एका चौकोनात बारीक अक्षरात 'सिलें.' आणि एक बाण. दूध नको असलेल्या दिवशी फुली. दळण टाकलं त्या दिवशी 'द'. पेपरवाल्याचे पैसे. मोलकरणीच्या सुट्ट्या. महिन्याच्या महिन्याला सगळं घर त्या चौकोनांत होतं, आणि मी त्याच कॅलेंडरवर नाटकाच्या तारखा लिहीत होतो. शेजारच्याच चौकोनात.

आता मीही 'सिलें.' लिहितो. तसंच, टिंब देऊन.

सुरपेटी

काका… काय लिहू. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून काही बोलला नाही. उठून कॅलेंडरपाशी गेला. थोड्या वेळाने विचारतो, "हे 'ब' म्हणजे काय?" म्हटलं, पाण्याची बाटली, वीस लिटरची. म्हणाला, "मला वाटायचं बँक."

झणझणीत_वऱ्हाडी

पॉपकॉर्न ठेवून दिले.

तिसरी_घंटा

अहो, खा पॉपकॉर्न. मी रडवायला लिहिलं नव्हतं. माझी आमटी आता चांगली होते, कुणी पुण्यात असाल तर या.

भाकरतुकडा

काका, येतो. गूळ घालता का आमटीत? मग नाही येत. 😄

तिसरी_घंटा

घालतो. आणि आमसूलही. पण तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवीन.

न्यू_जर्सीचा_बंड्या

थोडं अवांतर, पण गाण्यातल्या आणखी दोघांची नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. उस्ताद राशिद खान, गेले ते जानेवारी २०२४ मध्ये, ५५ वर्षांचे. बिर्याणी आणि कबाब स्वतः करण्याची त्यांची आवड सगळ्यांना ठाऊक होती. आणि आपले पंचमदा (आर. डी. बर्मन). खायची आणि करायची दोन्ही हौस, निरनिराळ्या मिरच्या हौसेने लावायचे. शिवाय काचेवर चमचा वाजवून, रिकाम्या बाटलीत फुंकर मारून गाण्यात आवाज आणणारा माणूस. त्याला स्वयंपाकघर ऐकूच यायचं.

अण्णा_पेटीवाले

बंड्या, छान आठवण. त्यात उलटी बाजू पण बघा. जुन्या गुरुकुल पद्धतीत गुरूच्या घरी शिष्याला सगळी कामं करावी लागत. भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले तेव्हा लांबून घागरींनी पाणी भरायचे, हे सर्वश्रुत आहे. ती गुरुसेवा. त्यात कमीपणा नव्हता, उलट पुढे अभिमानाने सांगायची गोष्ट. आमच्या तबल्याच्या गुरुजींकडे मीही भांडी घासली आहेत. घरी आल्यावर आईने ताट उचलायला सांगितलं तर मात्र तोंड वाकडं. तीच भांडी.

ओली_हळद

अण्णा 👏 'तीच भांडी.' हे मी चोरणार.

कढीलिंब

माझा अनुभव लिहिते, म्हणजे सगळं एकाच बाजूचं व्हायला नको. माझा नवरा रोज करतो. खरंच रोज. माझी ड्यूटी रात्रीची असते (हॉस्पिटल), तो घरून काम करतो. लोक येतात, त्याने केलेली अळूची भाजी खातात आणि मला म्हणतात, "भाग्यवान आहेस हं!" बावीस वर्षं माझ्या आईने केलं, बाबांना कुणी भाग्यवान म्हटल्याचं आठवत नाही. आणि सासूबाई अजून फोनवर मला विचारतात, "आज काय केलंस?" मी सांगते, "अळूची भाजी." खोटं बोलते. त्यांना वाईट वाटेल म्हणून. माझंच मला कळत नाही असं का करते.

रोखठोक

पोहे केले.

ओली_हळद

@रोखठोक आणि???

रोखठोक

निथळत ठेवले होते. बरे झाले. मुलीने खाल्ले. शेंगदाणे थोडे करपले. बायको म्हणाली ओटा पुसून घे. पुसला. माझं मत बदललेलं नाही, कलावंतांबद्दल. पण पोहे झाले.

सुरपेटी

आणि आमच्याकडची ताजी खबर. नवऱ्याने जाहीर केलंय, या रविवारी तो भेंडी-मटण करणार. एकट्याने. मी स्वयंपाकघरात यायचं नाही. कढीलिंब, तुमची कृती छापून फ्रीजवर लावली आहे. मी दाराबाहेर बसून हाका मोजणार आहे.

साखर_कुठंय

नमस्कार. नवीन सदस्य. मी या धाग्यावरचा 'नवरा'. नाव काय घ्यायचं हे बायकोने ठरवलं.

वृत्तांत देतो. पाऊण किलो मटण, पाव किलो भेंडी. भेंड्या एकेक पुसायला वीस मिनिटं गेली. मदनमोहन हे करत असतील तर त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. हाका एकूण चौदा. त्यातल्या तीन हिंगासाठी, कारण हिंगाची डबी मसाल्याच्या डब्यात असेल असं वाटलं, ती वेगळी असते. मटण शिजलं. भेंडी तार न सोडता उतरली, कढीलिंब यांचे आभार. चव चांगली होती, हे मी नाही, लेक म्हणाला.

तर सगळं झालं, पानं मांडली, मी खुर्ची ओढली. आणि तेव्हा लक्षात आलं की भात नाही. पोळ्याही नाहीत. मटणाबरोबर काय खायचं हा विचार सकाळपासून एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. कुकर 'लागलेला असतो' असंच मला वाटत होतं. बायको दाराबाहेर होती, तिने सांगितलंही नाही. बरोबर केलं. मग लेक खाली जाऊन पाव घेऊन आला.

आता अडचण. भाताच्या गडबडीत मटण परत गरम करायला ठेवलं आणि विसरलो. पातेल्याचा तळ काळाकुट्ट झालाय. कालपासून पाण्यात भिजतंय, निघत नाही. पातेलं तिच्या आईकडचं आहे. उपाय सांगा. लवकर.

कढीलिंब

घाबरू नका. तारेची घासणी अजिबात लावू नका. पातेल्यात तळ बुडेल एवढं पाणी, त्यात दोन चमचे खायचा सोडा, दहा मिनिटं मंद उकळवा. मग गॅस बंद करून कोमट होऊ द्या आणि लाकडी उलथन्याने खरवडा. पातेलं स्टीलचं आहे ना? अॅल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, काळं पडतं.

साखर_कुठंय

स्टीलचं. खायचा सोडा कुठं… नको, शोधतो.

साखर_कुठंय

पांढरी पूड तीन डब्यांत सापडली. चिठ्ठ्या कशावरच नाहीत. एक गोड, एक आंबट, एक खारट-तुरट. मीठ ओळखतो हो, ते नव्हे.

कढीलिंब

गोड ती पिठीसाखर, आंबट ते लिंबूसत्त्व. तिसरी टाका.